कारखाना सांभाळताना फोन आणि माणसांच्या वर्दळीत जाणारा वेळ कसा वाचवायचा?

व्हॉट्सॲपचे बिनकामाचे ग्रुप आधी अर्काइव्ह करा. सकाळचे दोन तास फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका. अर्जंट काही आलं तर? अँड्रॉइडमध्ये त्याच माणसाने 15 मिनिटांत पुन्हा फोन केला तर रिंग वाजू देण्याची सोय आहे. ती चालू ठेवा आणि सुपरवायझरला तसं सांगून ठेवा.

पण फोनपेक्षा जास्त वेळ खातं ते दारातून डोकावणारं 'साहेब, दोन मिनिटं'. पाचशे रुपयांच्या बेअरिंगलाही तुमचीच सही लागत असेल तर केबिनबाहेर रांग लागणारच, त्यात माणसांचा काय दोष? ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी स्टोअरवाल्यावर सोडा, बिलं आठवड्यातून एकदा एकत्र बघा. पहिल्या महिन्यात थोडी गडबड होईल, तेवढी चालवून घ्या.