कोपर वाकतंय, मग टेंडन तुटलंय असं कसं?

तुमच्या भावाला गोव्यातल्या साखळी इथे ट्रकमधून चिरे उतरवताना कोपरात ‘टक्’ झालं. आज आठवा दिवस, एक्स-रे नॉर्मल, हात वाकतोय. मग बायसेप्सचं (दंडाच्या पुढच्या स्नायूचं) टेंडन, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, तुटलेलं असू शकतं का, असं तुम्ही विचारलंय.

असू शकतं. मी डिचोलीत सुतारकाम करतो. कपाट जिन्यावरून उतरवताना जोडीदाराचा हात सुटला आणि सगळं वजन माझ्या वाकलेल्या उजव्या कोपरावर आलं. जवळच्या दवाखान्यात ‘लचक’ म्हणून मलम दिलं. हात वाकत होता, म्हणून मीही गप्प बसलो. एके दिवशी स्क्रू आवळायला गेलो, तर मनगट फिरेचना.

कोपर वाकवायला बायसेप्सच्या खाली ब्रॅकिआलिस नावाचा वेगळा स्नायू असतो, तो शाबूत राहतो. तळहात वर फिरवायची ताकद मात्र मुख्यतः बायसेप्सची. एक्स-रेत हाड दिसतं, टेंडन नाही.

भावाला कोपर काटकोनात वाकवून तळहात स्वतःच्या तोंडाकडे करायला सांगा. कोपराच्या खळगीत बाहेरच्या बाजूने तर्जनी आकड्यासारखी घाला. चांगल्या हातात ताठ दोरी बोटात अडकते. माझ्या उजव्या हातात बोट नुसतं मांसात रुतलं. बेटकुळी वर सरकलीय का, खळगीत काळंनिळं झालंय का, तेही बघा. दोरी लागली पण दुखलं, तर टेंडन अर्धवट फाटलेलं असू शकतं. खात्री एमआरआयने किंवा सोनोग्राफीने होते.

पूर्ण तुटलं असेल तर दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन करून ते हाडाला परत जोडणं सोपं जातं. नंतर स्नायू आखडून वरच चिकटतो. माझं चोविसाव्या दिवशी झालं, चीर मोठी घ्यावी लागली, अंगठ्याकडची कातडी कित्येक महिने बधिर होती. जड उचलायला पाच महिने थांबलो. वय जास्त आणि कष्टाचं काम नसेल तर ऑपरेशनविनाही चालतं, पण फिरवण्याची ताकद साधारण ४० टक्के कमी होते. चिरे उचलणाऱ्याला ते परवडायचं नाही.

तोवर हात झोळीत ठेवा, कुणाकडून चोळून घेऊ नका. उद्याच बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) हाडांच्या ओपीडीत न्या. तिथे ‘लचकलंय’ म्हणू नका. ‘टक्’ आवाज झाला आणि हात फिरवायला जोर लागत नाही, हे आधी सांगा.