कामावर सांगायचं की झाकून ठेवायचं?

"मॅडम, सांगितलं तर उद्याच्या उद्या घरी बसवतील की हो त्याला. आणि नाही सांगितलं तरी तीच गत होणार, असं दिसतंय."

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका आईचे हे शब्द. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली, मुलं मोठी होऊन कामाला लागली की घरचे बहुतेक याच पेचात माझ्याकडे येतात. म्हणून या घराची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, लिहिते आहे.

मुलगा विशीतला. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये वडिलांच्या ओळखीने लागलेला. काम तपासणीच्या टेबलावर. कास्टिंगचं बोअर, म्हणजे ओतीव भागाचं भोक, मापात आहे का ते गो-नोगो गेजने तपासायचं, चांगले जॉब एका ट्रेमध्ये, रिजेक्शन दुसऱ्या ट्रेमध्ये. दुपारनंतर इतरांची नजर ढिली पडते, त्याची पडत नाही. कामात तो कुठेच कमी नव्हता, सगळं अडत होतं ते बोलण्यात. सुपरवायझर एकदा घाईत म्हणाले, "हे दोन मिनिटांत आटप." त्याने घड्याळ बघून दोन मिनिटं काम केलं आणि अर्धा ट्रे तसाच ठेवून हात थांबवले. सुपरवायझरना वाटलं, पोरगं आपली टिंगल करतंय. बोलताना नजरेला नजर देत नाही म्हणून मग्रूर असल्याचा शिक्का आधीच बसला होता. कंप्रेसर सुरू झाला की तो कान दाबून बाहेर जायचा, तेही कामचुकारपणात जमा झालं.

आईच्या मनात नोकरीच्या भीतीमागे आणखी एक भीती होती. धाकटी मुलगी लग्नाची. पेठेत बातमी फिरली तर तिला कोण करून घेणार? आणि त्याच्याही खाली एक जुनी जखम. मुलगा लहान असताना जावेने तोंडावर ऐकवलं होतं की, आईने नीट लक्ष दिलं नाही म्हणून हे असं झालं.

मी आधी त्या जखमेवर बोलले. आईच्या वागण्याला दोष देणारं मत एके काळी मोठमोठे डॉक्टरही मांडायचे. संशोधनाने ते कधीच निकालात काढलंय. स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतला जन्मजात फरक. लसीचा संबंधही त्यांनी कुठेतरी वाचला होता. ज्या 1998 च्या लेखातून ती अफवा पसरली, तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. आनुवंशिकतेचा वाटा मात्र खरा आहे, आणि ते मी मुलीसमोर स्पष्ट सांगितलं. तिच्यापासून ते लपवणं मला पटत नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मला बघायला येतील त्यांना मीच सांगीन. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं."

आता कामाच्या जागेचं. सगळ्यांना सांगायची गरज नसते, हे मी प्रत्येक पालकाला पहिल्यांदा सांगते. पण कुणालाच न सांगणं मुलाला फार महाग पडतं, कारण मग त्याच्या प्रत्येक वागण्याचा अर्थ लोक आपल्या मनाने लावतात. प्रत्येक जागी एक माणूस शोधायचा. हुद्द्याने मोठा नको, चहाच्या वेळी ज्याचा शब्द बाकीचे ऐकतात असा. ब्रिटनमध्ये अशी जबाबदारी आपणहून घेणाऱ्यांना 'ऑटिझम चॅम्पियन' म्हणतात. नाव काहीही द्या, माणूस त्या घोळक्यातलाच हवा. 2 एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनाला, मी व्याख्यानं देते आणि देत राहीन. तरी माझं ठाम मत आहे की बाहेरून आलेल्या मॅडमच्या तासाभराच्या भाषणापेक्षा रोज शेजारी डबा खाणाऱ्या माणसाचं एक वाक्य खोल जातं.

या शॉपमध्ये तो माणूस होता एक जुना ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पण मामांकडे जाण्याआधी मुलाला विचारणं भाग होतं. पालक इथेच घाई करतात. गोष्ट त्याची आहे, ती कुणाला किती सांगायची हेही त्यानेच ठरवायला हवं. मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, "कामावरच्यांना तुझ्याबद्दल काय कळायला हवं, ते लिही." त्याने बराच वेळ घेतला. पेन्सिलने, पट्टी धरून रेघा आखल्या आणि लिहिलं:

"कंप्रेसरचा आवाज मला दुखतो. एका वेळी एकच काम सांगा. मी बघत नसलो तरी ऐकत असतो."

तिसरं वाक्य वाचून आईने कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. एवढ्या वर्षांत त्याने हे कधी असं सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

मामा माझ्याकडे येऊन बसले. सराव घेतला तो एवढाच: या कागदापलीकडची त्याची माहिती सांगायची नाही, तो बरा होईल का यावर बोलायचं नाही, कारण हा आजार नव्हे, आणि 'बिचारा' म्हणायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या पोराबद्दल शंका आली तरी आपण निदान करायचं नाही, तज्ज्ञांकडे पाठवायचं. मामांनी चहाच्या सुट्टीत तो कागद मुलाच्या देखतच वाचून दाखवला. सुपरवायझरांचा आक्षेप आला, आणि तो अगदीच गैरलागू नव्हता: "एकाला सवलत दिली की उद्या सगळेच मागतील." मामा म्हणाले, "मग सगळ्यांनाच काम चिठ्ठीवर लिहून द्या. चुका माझ्याही कमी होतील." चिठ्ठ्या सुरू झाल्या. कानावर लावायचे मफ स्टोअरमध्ये पडूनच होते. कुणी वापरायचं नाही, ते त्याला मिळाले. सुपरवायझरांचं मन पूर्ण वळलंय असं मी म्हणणार नाही, पण आता ते 'आटप' म्हणत नाहीत, आकडा सांगतात.

पेठेतली बाजू मुलाच्या मामेभावाने उचलली. तो तालमीचा कार्यकर्ता. गणेशोत्सवात हा मुलगा लहानपणापासून मांडवाकडे फिरकायचा नाही, डॉल्बीमुळे. भावाने मंडळात विषय काढला आणि एका संध्याकाळची आरती स्पीकरशिवाय, नुसत्या टाळांवर करायची ठरली. त्या आरतीला पेठेतली आणखी दोन घरं आपापली मुलं घेऊन आली. त्या घरांत अशी मुलं आहेत, हे शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. आता त्यातली एक आई भिशीतल्या बायकांशी स्वतः बोलते.

कायद्याचं थोडं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि आस्थापनांनी समान संधीचं धोरण जाहीर करावं, असं तो कायदा सांगतो. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणात स्वमग्नतेसह काही प्रकारांना मिळून 1 टक्का आहे. त्यासाठी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लागतं, त्याची तपासणी आपल्याकडे सीपीआर या सरकारी रुग्णालयात होते. पण कार्ड काढणं आणि चारचौघांत सांगणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. कार्ड काढून कपाटात ठेवलं तरी चालतं. या घराने ते काढलंय, कंपनीत अजून दिलेलं नाही.

मुलीला बघायला आलेल्या एका घराने भावाचं ऐकल्यावर नंतर निरोपच पाठवला नाही. आईला ते लागलं. मुलगी मात्र पुढच्यांनाही सांगणार आहे. पन्हाळ्याकडच्या गावी, सासरच्या मंडळींना या आईने अजून काहीच सांगितलेलं नाही. मी तिला तसा आग्रहही केलेला नाही. तिथे तिच्या बाजूने बोलणारं माणूस अजून सापडलेलं नाही. एका चुलत नणंदेचं नाव ती घेते, दिवाळीला गेली की आधी तिच्याशी बोलायचं म्हणते.