फेब्रुवारीत एकटीने व्हिएतनामला बॅकपॅकिंगला जायचंय, पण घरचे तयार नाहीत. त्यांना कसं पटवू आणि काय तयारी करू?

मी तुझ्याहून वयाने मोठी असणार, म्हणून ‘तू’च म्हणते. ‘घरचे तयार नाहीत’ हे मी चार वर्षं ऐकलंय. आमच्याकडे घरचे म्हणजे दादा. शेवटी २०२४ च्या मार्चमध्ये सांगलीहून एकटी निघाले आणि हनोईला उतरले.

तयारीतलं सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, कारण त्यापायी माझं जाणंच रद्द होणार होतं. ई-व्हिसाच्या अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुतेक वेळा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. मी अर्जात फक्त माझं नाव आणि आडनाव घातलं, कारण ऑफिसात मी तसंच लिहिते. व्हिसा आला, प्रिंट काढून फाइलला लावली. निघायला दहा दिवस असताना रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि पोटात गोळा आला. वडिलांचं नावच नाही.

दादा समोर बसला होता. म्हणाला, “घरबसल्या फॉर्म भरता येईना, तिकडे काय करणार तू? त्यापेक्षा टूरबरोबर जा, ते सगळं बघतात.” त्या वाक्याचा राग मला अजून आहे. दुरुस्तीला लागलं काय? नवा अर्ज, पुन्हा २५ डॉलर, आणि कामाचे चार दिवस. संपलं. हीच चूक टूरवाल्याच्या माणसाने केली असती, तर दादा ‘होतं कधी कधी’ म्हणाला असता. मी केली, तर तो मला जमणार नाही याचा पुरावा झाला. चूक तीच, पगार माझा, सुट्टी माझी.

वहिनी त्या रात्री काही बोलली नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिने मेतकुटाची पुडी आणून दिली आणि म्हणाली, “ताई, सॅकमध्ये वरच ठेवा, खाली दबेल.” त्या पुडीने मला तारलं. तिथे ‘चाय’ म्हणजे शाकाहारी, हा शब्द पाठ कर. पण साध्या भाजीतही नूक माम, म्हणजे माशाचा सॉस, पडलेला असतो, तेव्हा गाडीवर मी नुसता पांढरा भात मागायचे.

हनोईहून दा नांगला रात्रीच्या रेल्वेने गेले. ७९१ किलोमीटर, सोळा-सतरा तास. चार बर्थच्या डब्यात समोर सत्तरीच्या एक आजी. त्यांना मराठी, हिंदी, इंग्रजी यांतलं काही येत नाही आणि मला त्यांची भाषा येत नाही. त्यांनी पपनस सोलून माझ्या हातावर फोडी ठेवल्या. मी भातावर मेतकूट घातलं, तर त्यांनी चिमूटभर उचललं, वास घेतला, जिभेवर ठेवलं आणि आपला वाडगा पुढे केला. सकाळी ह्युए स्टेशन गेल्यावर त्यांनी मला हाताला धरून समुद्राच्या बाजूच्या खिडकीशी उभं केलं. हाय व्हानचा घाट लागला होता. गाडी अगदी हळू, रुळांच्या खाली झाडी आणि त्याखाली थेट समुद्र. दादा म्हणायचा, “परक्या देशात एकट्या बाईकडे कोण बघणार?” त्या आजींनी बघितलं. दा नांगला उतरताना माझी सॅक नीट पाठीवर चढली का, तेही त्यांनीच बघितलं.

टूरने जाऊन ती खिडकी मिळाली नसती, हे माझं ठाम मत आहे.

बॅगेचं म्हणशील तर सात किलोच्या वर नेऊ नकोस. स्लीपर बसमध्ये चढताना बूट काढायला लावतात, म्हणून पटकन निघणारे घाल. २० हजार आणि ५ लाख डोंगच्या नोटा दोन्ही निळ्या असतात, अंधारात पैसे देऊ नकोस.

घरच्यांना पटवायच्या भानगडीत पडू नकोस. तिकीट काढ आणि मग सांग. मात्र हे स्वतःच्या कमाईवर जात असशील तरच. वडिलांच्या पैशाने जाणार असशील, तर त्यांच्याशी बसून बोलावंच लागेल. आणि दादाच्या एका गोष्टीत तथ्य होतं: रोज रात्री मुक्कामाचा पत्ता घरी कळवायचा. तो मी न चुकता कळवला. विमा काढ. तिथे चालणारं लायसन्स नसेल तर स्कूटर भाड्याने घेऊ नकोस, अपघात झाला तर विमा हात वर करतो.

अजून एक, हे आधीच सांगायला हवं होतं. त्यांचं नववर्ष, तेत, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. त्या आठवड्यात सगळा देश गावी निघतो, गाड्या भरून जातात आणि बरीच दुकानं बंद असतात. तुझ्या तारखा तेतवर येतात का ते आजच बघ. येत असतील तर मार्चमध्ये जा.