संगणक-शंका : पहाटे चारची पट्टी, तारीख कालची

प्रश्न : कळमन्यात आमची संत्र्यांची अडत आहे. हिशेबाचा जुना प्रोग्राम विंडोज एक्सपीवरच चालतो, म्हणून पुतण्याने नव्या लिनक्स संगणकात क्यूईएमयू (संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक उभा करणारा प्रोग्राम) टाकून त्यात एक्सपी बसवून दिले. आता पहाटे चारला शेतकऱ्याची पट्टी काढली की त्यावर आदल्या रात्रीचे साडेदहा पडतात आणि रोजमेळ जुळत नाही. घड्याळ हाताने लावते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुतण्या म्हणतो, सेल गेला असेल.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, सेल बदलायला धावू नका. फरक नेमका साडेपाच तासांचा आहे, तिथेच रोग कळतो. तेरा-चौदा मिनिटांचा असता तर मी आपल्या झिरो माइलवरच्या सूर्याला दोष दिला असता. तो भारतीय प्रमाणवेळेच्या तेवढा मागेच असतो.

१९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप होती. क्यूईएमयू आजही तिचीच नक्कल करते. या चिपमध्ये तारीख आणि तास-मिनिटे असतात, पण ती कुठल्या देशाची हे लिहायला जागाच नाही. लिनक्स त्या आकड्यांना जागतिक वेळ (यूटीसी, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) मानते, विंडोज स्थानिक. क्यूईएमयूला काही सांगितले नाही तर ते जागतिक वेळ भरते, आणि बिचारे एक्सपी तीच नागपूरची समजून चालते.

तुम्ही हाताने वेळ लावता तेव्हा लिनक्सच्या घड्याळाला धक्का लागत नाही. क्यूईएमयू फक्त दोन वेळांतला फरक मनात धरते. ते बंद केले की फरकही गेला. खऱ्या मदरबोर्डवर हे काम सीआर२०३२ सेल करतो. इथे सेलच नाही, तर जाणार काय!

एक्सपी नीट बंद करा. पुतण्याला म्हणावे, सुरू करण्याच्या कमांडमध्ये हायफन लावून ‘आरटीसी’ (म्हणजे तीच घड्याळाची चिप), पुढे जागा सोडून ‘बेस=लोकलटाइम’ लिही, सगळे लहान इंग्रजी अक्षरांत. क्यूईएमयू खिडकीतून चालवणारा विर्ट-मॅनेजर वापरत असेल तर क्लॉकच्या नोंदीत ऑफसेट ‘यूटीसी’चा ‘लोकलटाइम’ करावा. त्याआधी लिनक्सचा टाइमझोन आशिया/कोलकाता आहे ना ते बघावे, नाहीतर ‘लोकलटाइम’ म्हणजेही जागतिक वेळच. एक्सपीचा टाइमझोन मात्र भारताचाच राहू द्या. तो ग्रीनिचचा करून वेळ जुळवायची युक्ती कोणी सांगेल, ऐकू नका. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ अशीही एक नोंद करता येते, पण एक्सपीत मी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही.

जुन्या पट्ट्यांवरची तारीख याने सुधारणार नाही. पहाटे साडेपाचच्या आधी काढलेल्या तेवढ्याच चुकल्या असतील. बॅकअप घेऊन त्या वेगळ्या काढा.

प्रश्न : माझ्या क्यूईएमयूतल्या विंडोजचे घड्याळ सुरुवातीला बरोबर असते, संध्याकाळपर्यंत मागे पडते.
– एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : हे दुखणे वेगळे, भाऊ. विंडोज सुरू होताना चिपची वेळ वाचते आणि पुढे टाइमरचे ठोके मोजत बसते. लिनक्सवर भार वाढला की काही ठोके हुकतात. त्याच आरटीसीच्या पर्यायात स्वल्पविराम देऊन ‘ड्रिफ्टफिक्स=स्ल्यू’ जोडा, म्हणजे हुकलेले ठोके मागाहून पोचवले जातात.