रांगेत उभं राहण्याआधी पट्टी सापडू दे

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे. तीन वर्षं गाणं शिकते, गाण्याची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झाली. वैशाली माडे आमच्या विदर्भातली, त्यामुळे लहानपणापासून हिच्या डोक्यात एकच, ‘मला सारेगमपमध्ये जायचंय.’ नागपूरला निवडचाचण्या होतील असं ऐकतोय. दोन महिने ती मोबाईलवर ट्रॅक लावून एकच गाणं घोटते आहे. वरच्या ओळीला आवाज थोडा चिरकतो, बाकी छान होतं. हिचे बाबा म्हणतात अभ्यास बुडेल, आत्या म्हणते संधी पुन्हा येत नाही. पाठवावं का?
— एक आई, वर्धा

उत्तर : पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहून गेलात. वरच्या ओळीला आवाज चिरकतो. पाठवायचं की नाही ते नंतर बोलू, आधी तो ट्रॅक बंद करा.

ट्रॅक बहुतेक वेळा मूळ गायिकेच्या पट्टीत असतो, म्हणजे तिचा सा ज्या उंचीवर बसतो त्या उंचीवर. तिचा गळा वर्षानुवर्षं कमावलेला. बारा वर्षांची मुलगी तिच्या मागे वर चढायला गेली की गळा आवळते, मान पुढे काढते, आणि दोन महिन्यांत ती सवयच होऊन बसते. ती मोडायला पुढे वर्ष जातं, हे मी माझ्या क्लासमध्ये डोळ्यांनी बघितलं आहे. आज पेटीवर पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, धरा आणि तिला सा लावायला सांगा. खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत) आवाज उतरतो का, वर तार गंधार (वरच्या सप्तकातला ‘ग’) तोंड वेडंवाकडं न करता लागतो का, एवढंच बघा. वर ओढाताण झाली तर पांढरी चार, अगदी सहज लागलं तर काळी चार. दोन्ही टोकं जिथे आरामात लागतील ती तिची पट्टी. तेच गाणं मग त्या पट्टीत, नुसत्या तानपुऱ्यावर. मोबाईलमधला तानपुरा चालेल.

मी हे इतकं का धरून बसले आहे ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी अशाच एका निवडचाचणीला पुण्याला गेला होता. सांगलीहून रात्रीच्या एसटीने निघून पहाटे पाचला रांगेत. छातीवर नंबर लावलेला. दुपारी तीनला आत बोलावलं. पहिल्या फेरीत साथीला ना पेटी, ना तबला. आपला सा आपणच लावायचा. याच्या आधी जी मुलगी गेली ती दाराबाहेर बसून सारखी गुणगुणत होती, तिच्या वरच्या पट्टीत. तासभर तेच सूर कानावर. हा आत गेला आणि नकळत तिचाच सा धरला. मुखडा निभावला. अंतऱ्याच्या पहिल्याच उठावाला आवाज फुटला. ‘थँक यू’ म्हणाले, दार उघडलं, संपलं. पुरतं मिनिटसुद्धा झालं नव्हतं. पोरगा गुणी होता, आजही उत्तम गातो. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात स्वतःचा सा पक्का नव्हता, आणि तो पक्का करून घेण्याचं काम माझं होतं. मी त्याच्याकडून हरकती, म्हणजे सुरांची बारीक नक्षी, घोटून घेत बसले होते. ते मला अजून लागून राहिलं आहे.

तेव्हापासून माझ्याकडे एक रिवाज आहे. मुलं क्लासला आली की पेटी उघडायच्या आधी, पायऱ्या चढून आल्या आल्या, सा लावायचा. मग मी पेटीवर ताडून बघते. पहिले काही दिवस सगळ्यांचा चुकतो. दोनतीन महिन्यांनी बहुतेकांचा अर्ध्या सुराच्या आत यायला लागतो. तुमच्या मुलीलाही सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर, भाजी आणायला जाताना मध्येच विचारा, ‘तुझा सा काय गं?’

आता वैशाली माडेंचं. अमरावती जिल्ह्यातल्या खारतळेगावची ही मुलगी आधी मराठी सारेगमप जिंकली, मग २००९ साली हिंदीतलं. हा भाग सगळ्यांना पाठ असतो. पण ‘बाजीराव मस्तानी’तलं ‘पिंगा’ आलं ते २०१५ साली. दोन दोन स्पर्धा जिंकलेल्या गायिकेलासुद्धा देशभर वाजणारं ते गाणं हाती यायला सहा वर्षं लागली. त्या काळात ती गात राहिली, आवाज तयार ठेवला, म्हणून त्या दिवशी माईकसमोर उभी राहू शकली. ‘पिंगा’ परत एकदा लक्ष देऊन ऐका. जोडीला श्रेया घोषाल, आणि तीसुद्धा सारेगमपचीच. श्रेयाचा आवाज रेशमी, वैशालीचा मोकळा, मातीतला. दोघी एकमेकींसारखं गायला जात नाहीत. तुमच्या लेकीला ऐकवण्यासारखी गोष्ट ही आहे.

तर पाठवा. जरूर पाठवा. बाबांनाही सांगा, एका दिवसाने अभ्यास बुडत नाही. पण एका गाण्यावर नको. दुसरं एक अगदी वेगळ्या वळणाचं गाणं तयार असू द्या. एखादा अभंग, नाहीतर ओवी. परीक्षक हमखास विचारतात, ‘अजून काय येतं?’ निवड झालीच तर मुलगी अल्पवयीन असल्यामुळे करारावर सही तुमची लागेल. तो कागद घरी आणा, दोन दिवस वाचा, ओळखीच्या वकिलाला दाखवा. किती महिने बाहेर गाता येणार नाही, शाळेचं काय, राहण्याची सोय कुठे, सोबत कोण, हे सगळं सहीआधी विचारायचं. घाई करणाऱ्याला ‘उद्या सांगतो’ म्हणायला संकोच वाटू देऊ नका. आणि निवड नाही झाली तर परतताना नागपुरात तिला काहीतरी आवडीचं खाऊ घाला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला क्लासला धाडा.

प्रश्न : पहिल्या इंडियन आयडॉलच्या वेळी आमच्या चाळीत आम्ही पोरांनी मोबाईलचा बॅलन्स संपेपर्यंत अभिजीत सावंतला मतं दिली होती. इतकं प्रेम मिळूनही तो सिनेमात मोठा पार्श्वगायक का झाला नाही?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ते दिवस मलाही लख्ख आठवतात. २००४ च्या शेवटाला कार्यक्रम सुरू झाला आणि ५ मार्च २००५ ला निकाल लागला. अनू मलिक, सोनू निगम आणि फराह खान परीक्षक. शेवटच्या दोघांत अभिजीत आणि अमित साना, तिसरा राहुल वैद्य. आपल्यातला, मराठी घरातला, साध्या चेहऱ्याचा मुलगा देशभरातून निवडून आला, याचं आपल्याला किती अप्रूप होतं!

तुमच्या प्रश्नात मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. मत दिलं ते माणसाला, आणि पार्श्वगायक उभा राहतो तो गाण्यावर. स्पर्धेत अभिजीत जी गाणी गायला ती आधीच गाजलेली, दुसऱ्यांची. त्या चाली आपल्या ओळखीच्या, त्यामुळे त्याचा आवाज चटकन जवळचा वाटला. जिंकल्यावर त्याला स्वतःची गाणी लागणार होती. ती देणारा संगीतकार, ती चालवणारी कंपनी, ती ज्याच्या ओठांवर बसतील असा नट, हे सगळं मतांनी मिळत नाही. २००५ मध्येच त्याचा पहिला अल्बम आला आणि चांगला चाललाही. ‘आशिक बनाया आपने’मध्येही त्याचं गाणं होतं. पण नेमका तो काळ कॅसेट आणि सीडीची दुकानं बंद पडण्याचा होता. बिगरफिल्मी अल्बमच्या जोरावर गायकाने नाव कमवायचं, ही वाट त्याच्या पायाखालूनच सरकली. दहा वर्षं आधी जिंकला असता तर त्याच अल्बमने त्याला कुठल्या कुठे नेलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय तो पहिला होता. पहिल्याने जिंकल्यावर पुढे काय करायचं, हे सांगायला त्याच्या आधी कुणीच नव्हतं. त्याने सिनेमात काम करून बघितलं, २००७ साली जकार्ताला एशियन आयडॉलमध्ये भारताकडून गायला, २०२४ मध्ये बिग बॉस मराठीत उपविजेता ठरला. वीस वर्षांनीही लोक त्याला नावाने ओळखतात आणि तो गातो आहे. याला अपयश म्हणू नका. तुमच्या चाळीतली मतं वाया गेली नाहीत.

श्रेया घोषालचं उदाहरण लगेच पुढे येईल, म्हणून तेही सांगते. ती शाळकरी वयात सारेगमपमध्ये गायली. संजय लीला भन्साळींच्या आईने तिला टीव्हीवर ऐकलं आणि मुलाला हाक मारून बोलावलं. त्यातून ‘देवदास’, २००२ साल, आणि पहिल्याच चित्रपटाच्या ‘बैरी पिया’साठी राष्ट्रीय पुरस्कार. पण तिला काय मिळालं ते नीट बघा. तिच्या गळ्याला साजेशी गाणी मिळाली, तीही आधीच्या तयारीवर झेलता येतील अशा वयात. मतं लाखोंची असोत, गाणं देणारा एकच माणूस लागतो. तो अभिजीतला त्या दोनचार वर्षांत भेटला नाही. एवढाच फरक.

प्रश्न : मी पंचाहत्तर वर्षांचा आहे. सारेगमप लिटिल चॅम्प्सची ती पाच मुलं आमच्या घरातली नातवंडंच झाली होती. आता इतके कार्यक्रम होतात, मुलं गातातही तयारीनं, पण तसा जीव लागत नाही. माझं वय झालं म्हणून असं वाटतं का?
— एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर : आजोबा, नमस्कार. वयाचा काही संबंध नाही, मलाही तसंच वाटतं.

आळंदीची कार्तिकी गायकवाड, आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत. गावांची नावं मुलांच्या नावांना कशी चिकटून बसली आहेत बघा. प्रत्येकाच्या गळ्यात त्याच्या घरचं गाणं होतं. कार्तिकीकडे वडिलांचं भक्तिसंगीत, आर्याकडे आईचं शास्त्रीय. प्रथमेश अभंगाला बसला की कोकणातल्या देवळातला माणूस वाटायचा. मुग्धा इतकी चिमुरडी की पल्लवी जोशींनी तिला ‘लिटिल मॉनिटर’ म्हटलं आणि ते नाव सगळ्या महाराष्ट्राने उचललं. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत गुणसुद्धा सुरांत द्यायचे. ‘नी’, म्हणजे सगळ्यात वरचा सूर, मिळाला की आमच्या क्लासमधली पोरं दुसऱ्या दिवशी तोच आनंद मिरवत यायची.

मुख्य म्हणजे ती मुलं मोठ्यांची नक्कल करत नव्हती. नाट्यगीत, अभंग, भावगीत, गवळण, लावणी, आपल्याकडे जे जे आहे ते त्यांनी दर आठवड्याला आपल्यासमोर मांडलं. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली तेव्हा बाकीचे चौघे हरले असं कुणाच्या मनातही आलं नाही. पंचरत्न म्हणून पाचही जण घरात राहिले.

त्यानंतरचंही तुम्हाला आवडेल. हीच पाचही मुलं २०२१ साली नव्या लिटिल चॅम्प्ससमोर परीक्षक म्हणून बसली. प्रथमेश आणि मुग्धा यांचं डिसेंबर २०२३ मध्ये लग्न झालं. आणि रोहित राऊत! इतकं नाव झाल्यावर हा मुलगा २०१९ मध्ये इंडियन आयडॉलच्या अकराव्या पर्वात पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला, आणि उपविजेता झाला. घरोघरी ओळख असताना परत परीक्षकांसमोर ‘मी गाऊ का?’ म्हणून उभं राहायला केवढी छाती लागते! मला त्याचा फार अभिमान वाटतो.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. आवाज फुटलाय. वरचा सा लागतच नाही, मध्येच घोगरा येतो. यंदा स्पर्धेचा फॉर्म भरायचा होता. गाणं संपलं का माझं?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : बाळा, अजिबात नाही. कंठ फुटणं ही मुलग्यांच्या गळ्याची वाढ आहे. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज खाली उतरतो आणि मधले काही महिने कुठला सूर कुठे जाईल याचा भरवसा नसतो. वरच्या प्रश्नातले प्रथमेश आणि रोहित यांचाही तेव्हाचा आवाज आज नाही. आज ते मोठ्या माणसाच्या गळ्याने गातात आणि उत्तम गातात.

यंदा फॉर्म भरू नकोस. जुनी पट्टी सोड, तिचा हट्ट धरलास तर गळा दुखेल. पेटीवर काळी एक किंवा पांढरी दोन धरून बघ, जे बोलल्यासारखं सहज येईल ते घे. रोज वीसच मिनिटं, मध्य सप्तकात, आकारात म्हणजे नुसत्या ‘आ’वर, मऊ आवाजात. तार सप्तकाचं नाव काढायचं नाही. मॅचला ओरडणं बंद. घोगरा आला की थांब, पाणी पी, पुन्हा सा लाव. दोनतीन आठवडे घोगरेपणा मुळीच कमी झाला नाही किंवा गळा दुखत राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. आणि या मोकळ्या वर्षात तबला शीक. लयीला कंठ फुटत नाही, ती वाढतच राहील.

पुढच्या दिवाळीत मला पत्र टाक. तुझा सा आता कुठल्या पट्टीत बसला, तेवढं एका ओळीत कळव.