सत्रान्त सुटीत स्पेनची जुनी शहरे

प्रश्न : मी मूळची वडोदऱ्याची असून महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेतल्यानंतर सध्या स्पेनमधील सालामांका येथे एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी आले आहे. पहिल्या सत्राच्या परीक्षा जानेवारीत आटोपतील आणि दुसरे सत्र सुरू होण्यापूर्वी आठवडाभराहून थोडी अधिक सुटी मिळेल. या सुटीत आविला, सेगोव्हिया, तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानादा आणि बार्सिलोना पाहण्याचा बेत मी आखला आहे. ‘एवढी लांब गेलीच आहेस, तर सगळे पाहून घे,’ असे घरच्यांचे म्हणणे आहे. मला मात्र हा बेत वेळेत आणि शिष्यवृत्तीच्या पैशांत बसेल का, याची शंका वाटते. शिवाय मी अंडी खाते, पण मांस-मासे खात नाही, म्हणून आईला माझ्या जेवणाची काळजी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, वडोदरा (सध्या सालामांका)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. सात शहरांचा बेत कसाबसा पार पडेलही, पण त्यातला बराचसा वेळ स्थानकांवर आणि सामानाची बांधाबांध करण्यात जाईल, आणि इतिहासाच्या विद्यार्थिनीची सुटी अशी खर्ची पडावी असे मला मुळीच वाटत नाही. आविला आणि सेगोव्हिया ही दोन नावे आधी बाजूला काढा, कारण ती सालामांकापासून जवळ आहेत आणि त्यांच्यासाठी सुटी मोडण्याची गरज नाही. आविला रेल्वेने साधारण तासाभरावर आहे. तिथली सुमारे अडीच किलोमीटर लांबीची मध्ययुगीन तटबंदी सत्र चालू असतानाही एखाद्या शनिवारी निवांत पाहून होते. सेगोव्हियाच्या रोमन जलसेतूचे ग्रॅनाइटचे चिरे चुन्याशिवाय, केवळ एकमेकांच्या भारावर, जवळपास दोन हजार वर्षे उभे आहेत, आणि ते वसंतातल्या लांब दिवसांत पाहिलेले अधिक बरे. बार्सिलोना देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिचा इतिहासही वेगळ्या वळणाचा आहे. सेव्हिल वगळताना मलाही वाईट वाटते, परंतु ते घेतले तर उरलेल्या तिन्ही ठिकाणी घाई होईल.

ही तीन ठिकाणे म्हणजे तोलेदो, कोर्दोबा आणि ग्रानादा, आणि ती याच क्रमाने पाहावीत, असा माझा आग्रह आहे. उत्तरेकडील ख्रिस्ती राजांनी तोलेदो १०८५ मध्ये, कोर्दोबा १२३६ मध्ये आणि ग्रानादा १४९२ मध्ये मुस्लिम सत्तेकडून घेतले. म्हणजे सालामांकाहून दक्षिणेकडे उतरताना तुम्ही त्या चार शतकांच्या घडामोडी घडल्या त्याच ओघाने पाहाल.

तोलेदोत निदान दोन रात्री मुक्काम करा. तीन बाजूंनी ताहो नदीने वेढलेल्या या गावात बहुतेक पर्यटक माद्रिदहून सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात. त्यानंतर गल्ल्या रिकाम्या होतात आणि गाव खऱ्या अर्थाने पाहता येते. सान्तो तोमे चर्चमधले चित्रकार एल ग्रेकोचे चित्र सगळेच पाहतात, तुम्हीही पाहाच. परंतु अधिक वेळ ‘क्रिस्तो दे ला लुस’ या लहानशा वास्तूला द्या. इ. स. ९९९ च्या सुमारास ती मशीद म्हणून बांधली गेली. आत चार खांब आणि नऊ लहान घुमटाकार छते आहेत. मान वर करून एकेका छताच्या फासळ्यांची गुंफण न्याहाळली, तर कोणतीही दोन छते सारखी नाहीत हे लक्षात येते. पुढे १२ व्या शतकात तिचे चर्च झाले. ‘सान्ता मारिया ला ब्लांका’ ही तर यहुद्यांचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, म्हणून बांधलेली आणि नंतर चर्च झालेली वास्तू. तिच्या पांढऱ्या अष्टकोनी खांबांवरच्या नालाकृती कमानी पाहून प्रथम मशिदीतच आल्यासारखे वाटते. तुम्ही चांपानेर पाहिले असेल, तर हे कोडे तुम्हाला परके वाटणार नाही : महमूद बेगड्याने १४८४ मध्ये ते जिंकल्यावर तिथे उभ्या राहिलेल्या जामी मशिदीच्या कोरीव कामात गुजरातची मंदिरे घडवणाऱ्या कारागिरांचा हात असाच ओळखू येतो. राज्यकर्त्यांचा धर्म बदलला तरी कारागिरांची घराणी तीच राहतात, ही गोष्ट वडोदऱ्याच्या माणसाला पुस्तकाविना कळते.

तोलेदोचे आपल्याशी आणखीही एक नाते आहे. १२ व्या शतकात इथे अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे मोठ्या प्रमाणावर झाली आणि पुष्कळसे गणित व खगोलशास्त्र त्या वाटेने युरोपात गेले. याच गावी जन्मलेल्या राजपुत्र अल्फोन्सोच्या आज्ञेने १२५१ मध्ये पंचतंत्राचे अरबी रूप तिथल्या लोकभाषेत आले.

कोर्दोबाला दीड-दोन दिवस पुरेत. तिथल्या महामशिदीचे बांधकाम ८ व्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले आणि पुढील दोन शतकांत ती अनेकदा वाढवली गेली. जुन्या रोमन आणि रोमनांनंतर इथे राज्य केलेल्या व्हिसिगोथ लोकांच्या इमारतींचे खांब आणून वापरले, ते छताच्या मानाने आखूड पडले, म्हणून कमानीवर कमान अशी दुहेरी रचना करून उंची साधली गेली. लाल विटा आणि फिकट दगड यांचे ते पट्टे आज या वास्तूची ओळख झाले आहेत. मधोमध १६ व्या शतकातले कॅथेड्रल आहे, आणि ते पाहून मन अस्वस्थ झाले तर ते होऊ द्यावे.

उरलेला वेळ ग्रानादासाठी ठेवा. अलहाम्ब्राचे, म्हणजे तिथल्या मुस्लिम सुलतानांच्या किल्ल्याचे, तिकीट मात्र आजच काढा, कारण त्यातील नासरी घराण्याच्या राजवाड्यांत तिकिटावर छापलेल्या वेळेलाच प्रवेश मिळतो, तिकीट नावावर असते आणि दाराशी पासपोर्ट पाहतात. स्पेनमधून यहुद्यांना घालवण्याचा हुकूम ३१ मार्च १४९२ रोजी याच ग्रानादात निघाला. तोलेदोचे सिनेगॉग आधी पाहिलेले असेल, तर हे वाक्य नुसते वाचल्यासारखे राहत नाही.

सालामांकाहून येणारी गाडी माद्रिदला चामार्तिन स्थानकावर थांबते, तर तोलेदो आणि कोर्दोबाच्या गाड्या आतोचा स्थानकावरून सुटतात. तेव्हा मध्ये लोकल गाडीसाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवा. वेगवान गाड्यांची तिकिटे प्रवासाचा दिवस जवळ येईल तशी महागतात. सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात. ग्रानादा दक्षिणेला असले तरी सुमारे ७०० मीटर उंचीवर, सिएरा नेवादाच्या पायथ्याशी आहे, म्हणून जाड कपडे सालामांकातच ठेवून जाऊ नका.

जेवणाबाबत आईंना निश्चिंत राहायला सांगा, परंतु एक खबरदारी आवश्यक आहे : ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण अनेक ठिकाणी डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे, म्हणजे ‘हामोन’, त्यात धरले जात नाहीत, आणि मसूराच्या आमटीतही बहुधा सॉसेज असते. ते वेगळे नाव घेऊन नको म्हणावे. बटाटा-अंड्याचा तोर्तिया आणि भाज्यांचे ‘पिस्तो’ बहुतेक ठिकाणी मिळते. कोर्दोबाचे टोमॅटोचे घट्ट थंड सार ‘साल्मोरेखो’ वरचे हामोन वगळून मागता येते, आणि तिथली मधासोबतची तळलेली वांगी तर अवश्य खावीत. ठरावीक किमतीचे दुपारचे जेवण साधारण दोन ते चारच्या दरम्यान मिळते आणि तेच सर्वांत स्वस्त पडते. रात्री नऊच्या आधी मात्र पुष्कळ स्वयंपाकघरे उघडतच नाहीत, म्हणून पोटभर जेवण दुपारीच उरकावे आणि रात्रीसाठी पाव, चीज व फळे खोलीवर आणून ठेवावीत.