खासदारांकडे अवकाशासाठी नेमकं काय मागायचं?

गगनयानाचं, म्हणजे इस्रोच्या स्वतःच्या यानातून अंतराळवीर पाठवण्याच्या मोहिमेचं, माणसासहित उड्डाण २०२२ वरून २०२७ वर कसं गेलं, याबद्दल मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : हे व्हावं असं आम्हाला मनापासून वाटतं, पण आमच्यासारख्यांनी करायचं काय? पैसा संसद मंजूर करते आणि संसदेत आपणच निवडून दिलेली माणसं बसतात, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. त्यातली काही पत्रं इथे घेत आहे.

प्रश्न : अमेरिकेत अवकाशप्रेमी नागरिक वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधींना भेटतात आणि नासाच्या निधीसाठी आग्रह धरतात, असं वाचलं. पुण्याहून आम्ही असाच एक गट घेऊन दिल्लीला गेलो तर? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोथरूड

जरूर जा. पण तिथली पद्धत जशीच्या तशी उचलून नेलीत, तर हात हलवत परत याल. अमेरिकेतला लोकप्रतिनिधी निधीच्या बाबतीत पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो आणि देतोही. जून १९९३ मध्ये अंतराळ स्थानकाचा निधी बंद करणारी दुरुस्ती तिथल्या प्रतिनिधिगृहात आली आणि २१५ विरुद्ध २१६ अशी अवघ्या एका मताने पडली. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये ज्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले, त्याचं भवितव्य त्या दिवशी एका मतावर टांगलेलं होतं. अशा सभागृहात एकेका सदस्याचं दार ठोठावण्याला फार अर्थ असतो. प्लॅनेटरी सोसायटीसारख्या संस्था म्हणूनच आपल्या सभासदांना तयारी करून घेऊन तिथे पाठवतात.

आपल्याकडे खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर मतदान फक्त लोकसभेत होतं. राज्यसभा चर्चा करू शकते, मत देत नाही. लोकसभेतही मागणी मान्य करणं, नाकारणं किंवा कमी करणं एवढंच घटनेनं सभागृहाच्या हाती ठेवलंय. ती वाढवता येत नाही. त्यावर पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, असतो, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. त्यातून बहुतेक खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात, ज्याला गिलोटिन म्हणतात. म्हणजे ‘साहेब, अवकाशाचं बजेट वाढवा’ ही विनंती कितीही कळकळीची असली, तरी समोरच्या माणसाच्या हातात ते नसतं. तो ‘बघतो’ म्हणतो, फोटो निघतो आणि विषय तिथेच संपतो.

त्याच्या हातात असतात ते प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर पूरक प्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. शिवाय एखादा विषय सभागृहात मांडण्यासाठी शून्य प्रहर आहे, लोकसभेत नियम ३७७ आहे. अवकाश खातं थेट पंतप्रधानांकडे असतं आणि संसदेत त्याची उत्तरं सहसा राज्यमंत्री देतात.

सगळ्यात महत्त्वाची, आणि लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेली जागा म्हणजे विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल या विषयांची स्थायी समिती. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य तिथे असतात. ही समिती दरवर्षी अवकाश खात्याच्या मागण्या तपासते, खात्याच्या सचिवांना बोलावते, आणि आपल्याकडे ते सचिव म्हणजेच इस्रोचे अध्यक्ष. समितीच्या शिफारशींवर काय केलं, हे सरकारला समितीपुढे मांडावं लागतं. दारं बंद असल्यामुळे तिथे पक्षाचा ताण कमी आणि कामाची चर्चा जास्त होते. या समितीत महाराष्ट्रातलं कोण आहे हे आधी शोधा. माझ्या मते अशा एका सदस्याची अर्ध्या तासाची भेट दिल्लीतल्या दहा सत्कारांपेक्षा मोलाची.

आणखी एक गोष्ट पुणेकरांसाठी. पुण्याचे सध्याचे खासदार केंद्रात राज्यमंत्री आहेत आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. त्यांना निवेदन जरूर द्या, पण प्रश्नासाठी बारामती, शिरूर, मावळच्या खासदारांकडे किंवा राज्यसभेतल्या महाराष्ट्राच्या १९ सदस्यांपैकी कोणाकडे जा. राज्यसभेचा सदस्य अख्ख्या राज्याचा असतो, त्यामुळे ‘तुम्ही माझे मतदार नाही’ असं तो म्हणू शकत नाही.

प्रश्न : लॉबिंग म्हणजे शेवटी वशिला आणि पाकिटंच ना? सभ्य माणसानं यात पडावं का? — निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ

पडावं, आणि उघडपणे पडावं. आपलं म्हणणं लोकप्रतिनिधीपुढे मांडणं हा नागरिकाचा हक्क आहे. पैसा आला की तो गुन्हा होतो. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचं उघड झाल्यावर डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांना संसदेनं काढून टाकलं. लाच घेऊन सभागृहात मत दिलं वा भाषण केलं, तर खासदारकीचं संरक्षण मिळणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं मार्च २०२४ मध्ये दिला. अमेरिकेत पगारी लॉबिस्टांना १९९५ च्या कायद्यानुसार नोंदणी करून खर्च जाहीर करावा लागतो. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून पथ्य आपलं आपण पाळायचं. पुष्पगुच्छापलीकडे काही देऊ नका. तुमची कंपनी इस्रोला माल पुरवत असेल, तर ते निवेदनाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

प्रश्न : आम्ही वालचंदनगरजवळ राहतो. कारखान्यात रॉकेटचे भाग बनतात याचा अभिमान आहे, पण आमच्या खासदारांना गगनयानाशी काय घेणंदेणं असणार? — तरुण वाचक, इंदापूर तालुका

तुमचं पत्र सगळ्यात आधी जायला हवं. गगनयान ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवरून जायचं आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे घन इंधनाचे बूस्टर असतात. प्रत्येकात २०० टनांवर इंधन. ते ज्या पोलादी कवचात भरतात त्याचा व्यास ३.२ मीटर, आणि या कवचांचे भाग वालचंदनगरला बनतात. द्रवरूप इंधनाचं इंजिन बंद करता येतं. घन इंधन एकदा पेटलं की संपेपर्यंत जळतं, मधे थांबवण्याची सोय नाही. त्यामुळे त्या कवचाचा प्रत्येक सांधा, प्रत्येक वेल्डिंग तपासूनच पुढे जावं लागतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान कोसळलं ते घन बूस्टरच्या एका सांध्यामुळेच : थंडीनं रबरी कडं कडक झालं, वायू बाहेर पडला आणि सात जण गेले. त्या चौकशीत सांध्याबरोबरच वेळापत्रकाच्या दडपणावरही बोट ठेवलं गेलं. २००३ मध्ये कोलंबिया कोसळल्यावर नेमलेल्या मंडळानंही अपुरा पैसा, बदलते अग्रक्रम आणि तारखांचा दबाव ही कारणं नोंदवली.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे : खासदारांकडे ‘लवकर उडवा’ असं मागू नका. दरवर्षी सारखा येणारा पैसा आणि चाचण्यांना पुरेसा वेळ मागा. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्यात अंतराळवीरांना संकटात बाहेर काढणाऱ्या यंत्रणेची चाचणी होती. उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकानं ते रोखलं. दोष सापडला, दुरुस्त झाला आणि त्याच सकाळी दहा वाजता चाचणी यशस्वी झाली. थांबण्याची मुभा असलेला कार्यक्रम असा चालतो, आणि ती मुभा खासदारांनी जपायची आहे.

तुमचा मतदारसंघ बारामती. खासदारांना विचारा की पुरवठादार कारखान्यांना पुढच्या पाच वर्षांच्या ऑर्डरी आज माहीत आहेत का. दोन वर्षं काम आणि तिसऱ्या वर्षी शुकशुकाट असं झालं, की कसलेला वेल्डर दुसरीकडे जातो आणि त्याच्या हातातलं कसबही त्याच्याबरोबर जातं. मतदारसंघातल्या नोकऱ्यांशी जोडलेला हा प्रश्न कोणत्याही पक्षाचा खासदार आनंदानं विचारेल.

प्रश्न : कांदा रस्त्यावर ओतायची वेळ येते आणि तुम्ही माणूस अंतराळात पाठवायला पैसे मागता. कोणत्या तोंडानं? — शेतकरी कुटुंबातली वाचक, जुन्नर

ताई, तुमचा राग मला मान्य आहे, आणि त्याला उपग्रहांचं नाव पुढे करून उत्तर देणार नाही. हवामानाचे उपग्रह, पिकांच्या पाहणीचे उपग्रह शेतकऱ्याच्या कामाचे आहेत, पण त्यासाठी माणूस वर जावा लागत नाही. हे दोन खर्च एकत्र करून सांगणारे आपल्याच बाजूचं नुकसान करतात.

आकडे तेवढे समोर ठेवते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश खात्याला सुमारे १३,४१६ कोटी रुपये होते, म्हणजे सरकारच्या शंभर रुपयांतले २६ पैसे. त्यात उपग्रह, रॉकेटं, चांद्रमोहिमा, पगार सगळं आलं. त्याच अर्थसंकल्पात खतांच्या अनुदानाची तरतूद याच्या बारापटीहून जास्त होती. गगनयानाला २०१८ मध्ये ९,०२३ कोटी मंजूर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताच्या स्वतःच्या अंतराळ स्थानकाचा पहिला भाग आणि एकूण आठ मोहिमा धरून ती रक्कम २०,१९३ कोटी झाली, तीही अनेक वर्षांत विभागलेली. हा सगळा पैसा उद्या कांद्याकडे वळवला तरी भाव का पडतो याची कारणं हटत नाहीत. निर्यातीची धोरणं, साठवण, बाजार समित्या या तुमच्या खऱ्या लढाया आहेत, आणि त्याही याच खासदारांपुढे लढायच्या आहेत.

मग माणूस कशासाठी? जी यंत्रणा माणसाला चारशे किलोमीटर वर नेऊन जिवंत परत आणते, ती बनवणारा देश हवा, पाणी, वैद्यकीय देखरेख, साहित्य, सुरक्षा या सगळ्यांत एक पायरी वर चढतो, आणि ती पायरी विकत मिळत नाही. शुक्ला यांनी स्थानकावर केलेल्या भारतीय प्रयोगांत मेथी आणि मुगाला मोड आणण्याचा प्रयोग होता. त्यातून लगेच तुमच्या शेतात काही येईल असं मी म्हणणार नाही. पण जुन्नर तालुक्यातल्या मुलीनं अंतराळवीर व्हायचं म्हटलं, तर तिच्यासाठी आपल्या देशाचं यान असावं, हे मागणं मला उधळपट्टीचं वाटत नाही. तुम्ही सहमत व्हावं असा आग्रह नाही. शिरूरच्या खासदारांना पत्र लिहाल तेव्हा दोन्ही विषय लिहा.

प्रश्न : पत्रात नेमकं काय लिहायचं? आम्ही चार पानी निवेदन तयार केलंय. — विज्ञान मंडळ, चिंचवड

एका पानावर आणा. ‘विश्वगुरू’, ‘गौरवशाली परंपरा’ काढा. टेफ्लॉन अवकाश संशोधनातून आलं हेही काढा. त्याचा शोध १९३८ चा आणि नासाची स्थापना १९५८ ची. अशी एक चूक सापडली की स्वीय सहायक उरलेलं पान वाचत नाही.

त्याऐवजी खासदारांना थेट वापरता येईल असा प्रश्न लिहून द्या. प्रश्न माहिती मागणारा हवा, मत मांडणारा नको, आणि दीडशे शब्दांच्या आत. उदाहरणार्थ :

‘(अ) गगनयान कार्यक्रमासाठी गेल्या तीन वर्षांत दरवर्षी किती तरतूद झाली व प्रत्यक्षात किती खर्च झाला, (ब) खर्च कमी झाला असल्यास त्याची कारणे काय, (क) माणसासहित उड्डाणापूर्वीच्या किती मानवरहित चाचण्या पूर्ण झाल्या व किती बाकी आहेत, (ड) अंतिम सुरक्षा आढाव्यात इस्रोबाहेरील तज्ज्ञ असतील काय?’

यातला (ब) भाग गाळू नका. २०२०-२१ मध्ये खात्याला १३,४७९ कोटी दाखवले होते, कोविडच्या वर्षात ते सुधारित अंदाजात ९,५०० कोटींवर आले. २०२३-२४ मध्ये तर कोविड नव्हता, तरीही १२,५४४ कोटींचे सुमारे ११,०७० कोटी झाले. अर्थसंकल्पाच्या दिवशीचा आकडा बातमीत येतो, वर्षअखेरीस कापलेला येत नाही. पैसा वाढवा म्हणण्याआधी मिळालेला का राहिला हे विचारलं, तर तुमच्या मागणीला वजन येतं.

निवेदनाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुढच्या भेटीत तोच कागद उपयोगी पडतो.

प्रश्न : आमदारांना भेटून काही उपयोग? — वाचक, हडपसर

निधीसाठी नाही, तो केंद्राचा विषय आहे. शाळांमध्ये तारांगण, प्रयोगशाळा, सहली यासाठी जरूर भेटा.

प्रश्न : आम्ही मोजकेच लोक आहोत. आधी पंधरा-वीस हजार सह्या गोळा कराव्यात का? आणि गाठायचं कधी? — वाचक, सिंहगड रस्ता

सह्यांच्या मागे लागू नका. विषय जाणणारे तिघे-चौघे पुरेसे आहेत, त्यात एक विद्यार्थी आणि शक्य तर एक कारखान्यातला माणूस असावा. पुण्यात १९४४ पासून चालू असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या ठिकाणी अशी माणसं एकमेकांना सापडतात.

वेळ मात्र सांभाळायला हवी. पुढच्या वर्षाचे अंदाज खाती आणि अर्थमंत्रालय साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठरवतात. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प आला की तरतूद ठरलेली असते. त्यानंतर अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत स्थायी समिती मागण्या तपासते, तेव्हा समितीच्या सदस्यांना पत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच पोहोचलं पाहिजे. हिवाळी अधिवेशन बहुधा नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला भरतं आणि प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते. म्हणून दिवाळीच्या आसपास खासदार मतदारसंघात असतात तेव्हाच मसुदा त्यांच्या हातात द्या. तारांकित प्रश्न सोडतीत लागेलच असं नाही, म्हणून तोच मजकूर अतारांकित म्हणूनही द्यायला सांगा. उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर येतं. ते उतरवून घ्या, चारपैकी कोणत्या भागाला आकडा न देता उत्तर दिलंय ते बघा, आणि अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी तेवढाच भाग पुन्हा लिहून द्या.